तीन पावलांवरून

आमच्या दुकानात हेडफोनच्या काउंटरवर मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत केवळ गाण्याच्या आवडीपायी हेडफोन घेणारी माणसं मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. बाकीची सगळी घरच्यांपायी येतात. तोंडाने म्हणतात, आवाज चांगला हवा, कानाला मऊ हवा, दिसायला बरा हवा. मनात एकच असतं, की घरातल्या अमक्या माणसाचा आवाज बंद झाला पाहिजे. सासरे बातम्या मोठ्याने लावतात, नवरा घोरतो, नणंद फोनवर तासन्‌तास रडते. एकदा एक नवराबायको जोडीने आले, काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले आणि एकमेकांना न विचारता दोघांनी एकच मॉडेल निवडलं. मी दोन खोकी बांधून दिली आणि म्हणालो, सुखाने संसार करा. ते हसले नाहीत.

या धंद्यात गिऱ्हाईक मागेल ते दिलं की माल तिसऱ्या दिवशी परत येतो. म्हणून मी एक कार्ड तयार केलं. त्यात पाच प्रश्न. घरात माणसं किती? तुम्ही जिथे बसता त्या खोलीला दार आहे का? तुम्ही ऐकता ते दुसऱ्याच्या कानावर गेलं तर चालेल का? कोणी हाक मारली तर ती ऐकू यायला हवी का? आणि किती वेळ कानावर राहणार? मालकांना कार्ड एवढं आवडलं की त्यांनी ते छापून घेतलं आणि वर ठळक अक्षरांत टाकलं, 'घरात ऐकणाऱ्यांसाठी'. पगार काही वाढवला नाही.

पाच उत्तरं मिळाली की पुढचं काम सोपं. माणूस एकटा राहत असेल तर जाळीच्या पाठीचा हेडफोन द्यायचा. त्यातून आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं, पण आवाज मोकळा लागतो. घरात तान्हं मूल असेल, दारावरची बेल सांभाळायची असेल, तर एका कानाचा. घर भरलेलं आणि खोलीला दार नाही म्हटलं की बंद वाट्यांचा, आणि त्यातही गोंगाट मारणारा. या शेवटच्या प्रकाराबद्दल लोकांच्या डोक्यात काहीच्या काही असतं. त्यांना वाटतं, बटण दाबलं की जग बंद. तसं नसतं. पंखा, फ्रीज, एसी, रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर, असा एकसारखा चालणारा आवाज ते यंत्र गिळून टाकतं. माणसाचं बोलणं त्याला गिळता येत नाही. उलट बाकीची घरघर गेल्यामुळे ते कधीकधी जास्तच स्वच्छ ऐकू येतं. माणसाला बंद करायचं तर वर गाणं लावावंच लागतं.

हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मी चाचणी घेतो. गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसवायचं, कानावर हेडफोन, बटण चालू, गाणं बंद. मग मी तीन पावलं मागे जातो आणि घरात बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणतो, "चहा टाकलाय, घेणार का?" शंभरातले शंभर मागे वळून बघतात, आणि बरेचसे हिरमुसतात. मग बारीक आवाजात गाणं लावून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आता कोणी वळत नाही. एक बाई अशा वळल्या नाहीत म्हणून मी पुढे जाऊन पाहिलं, तर डोळे पुसत होत्या. मी खोकं बांधलं. दुकानात सगळे मला कानवाले म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसलं माझं घरचं आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं एवढं. घड्याळ उघडण्याआधी ते कानाला लावायचे. त्या वेळी आईसुद्धा बोलायची नाही. मग सांगायचे, याच्या चक्राचा दात घासलाय, याला नुसतं तेल पाहिजे. उघडून बघितलं की तेच निघायचं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांच्या हाताखाली शिकला. मी सतरा वर्षांचा असताना मलाही त्यांनी आठ दिवस शेजारी बसवलं. नवव्या दिवशी म्हणाले, तुला ऐकता येत नाही, तू दुसरं काहीतरी बघ. दुकान दादाला गेलं. पुढे घड्याळ दुरुस्त करून घेणारं कोणी उरलं नाही तेव्हा त्याने तिथे मोबाइलची कव्हरं टांगली, आणि आज तो माझ्यापेक्षा बरा कमावतो. ते आठ दिवस मी कधीच विसरून गेलो, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

आई गेल्यावर दादाने आणि मी ठरवलं, अण्णा सहा महिने त्याच्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे. अण्णांना विचारायचं राहून गेलं. पहिले सहा महिने दादाचे होते. ते संपले, आणि आता अकरावा चालू होता. माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता. आमच्या दोन खोल्या. बायको रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, ती दिवसा झोपणार कुठे आणि अण्णा बसणार कुठे? मुलीचं परीक्षेचं वर्ष. मग घराला रंग. रंग झाल्यावर रंगाचा वास. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मी फक्त ती सगळी एकदम न काढता पुरवून पुरवून वापरत होतो.

रविवारी सकाळी दहाला दादाचा फोन यायचा. भांडण असं आम्ही कधी केलं नाही. टोलवाटोलवी चालायची. तो म्हणायचा, कधी नेतोस? मी म्हणायचो, बघू. तो म्हणायचा, पाच महिने तू बघतोच आहेस. मग मी त्याला दुकानाची आठवण करून द्यायचो, तो मला आईच्या आजारपणाची. अधूनमधून वहिनी बोलायची, पण लांबून, तोंडाशी फोन नसल्यासारखी. म्हणजे फोन स्पीकरवर असणार, हे कोणालाही कळलं असतं. मलाही कळत होतं. दुसऱ्यांच्या घरात आवाज कुठून कुठे जातो हे विचारून मी माझं पोट भरतो, आणि दादाच्या घरात अण्णांची खाट नेमकी कुठे मांडली आहे हा प्रश्न मला अकरा महिन्यांत एकदाही पडला नाही.

तर मंगळवारची दुपार. ती आमच्याकडे माश्या मारायची वेळ असते. टोकनच्या पाटीवर एकोणीस आकडा उमटला आणि मान वर करून पाहतो तर समोर अण्णा. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, हातात टोकनची चिठ्ठी. दादाच्या घराहून आमच्या दुकानाला यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. वाटलं, झालं, आले सामान घेऊन. मी त्यांच्या पायाशी पिशवी दिसते का ते पाहिलं. तोंडाकडे नंतर पाहिलं.

पिशवी नव्हती. मग मला कंठ फुटला. दादाकडे सगळं ठीक ना, एकटेच कसे आलात, फोन का नाही केलात, असं बरंच काही मी विचारलं. त्यांनी टोकन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले की हेडफोन घ्यायचाय, नातू सांगत होता तू त्यातला जाणकार आहेस, तर गिऱ्हाइकाला दाखवतोस तसा दाखव. मी म्हणालो, आधी आत बसा, चहा मागवतो. ते म्हणाले, चहा नको, माझी पाळी आलीय, मागे माणसं खोळंबली असतील. मागे कोणीच नव्हतं.

मी गोंधळलो की कामात डोकं घालतो. त्यांना स्टुलावर बसवलं आणि कार्ड पुढे ओढलं. बसता बसता त्यांनी मान तिरकी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, हे लंगडतंय, एक ठोका लांब पडतो आणि एक जवळ. समोरच्या भिंतीवर अठरा टीव्ही चालू होते आणि डोक्यावर एसी घुमत होता. त्या घड्याळाला टिकटिक आहे हेच मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"चार," अण्णा म्हणाले. "मला धरलं तर पाच. धरायचं का ते तू बघ."

मी पाच लिहिले. दुसरा प्रश्न दाराचा. त्यांनी नीट समजावून सांगितलं की खोलीच नाही. नातवंडं मोठी झाली, त्यांना अभ्यासाला लागते, त्यात वावगं काही नाही. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलापलीकडे, मध्ये कंबरेएवढं एक कपाट. मी लिहिलं, दार नाही. त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले की मी काही ऐकणारच नाही, तर बाहेर जाणार काय? मी विचारलं, गाणी नाहीत, बातम्या नाहीत? काही नाही, म्हणाले, नुसता घालून बसायचंय. अशी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. मी सवयीने हसलो आणि म्हणालो, मग कोणाचा आवाज बंद करायचाय, सुनेचा की नातवाचा? हा विनोद मी सगळ्यांशी करतो आणि सगळे हसतात, निदान हसल्यासारखं करतात. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

पुढचा प्रश्न, कोणी हाक मारली तर ऐकू यायला हवी का? यावर त्यांनी सगळ्यात जास्त विचार केला. खरंच विचार केला, हेटाळणी नव्हती.

"हाक कोणी मारत नाही," ते म्हणाले. "ताट आणून ठेवतात, ते ठेवल्याचं कळतं. ती सोय नको मला. तिचे पैसे जास्त पडत असतील तर ती काढून दे."

मी नको लिहिलं. त्या दोन अक्षरांना एरवी मला अर्धं सेकंद लागतं. दादाचा राग आला, वहिनीचा आला. बापाला दोन वेळा जेवायला चला म्हणायला यांच्या जिभेला काय होतं, असं मनात आलं. दुसऱ्याच्या घरातलं कुसळ मला लगेच दिसतं. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. दिवसाचे किती तास कानावर राहणार?

"रोज नको," अण्णा म्हणाले. "रविवारी सकाळी दहा ते अकरा."

पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं.

ते बोलत राहिले, अगदी साध्या आवाजात, डॉक्टरला दुखणं सांगतात तसं. दादा फोन टेबलावर ठेवतो, मोठ्याने लावून, म्हणजे सुनेलाही कळतं आणि पुन्हा सांगावं लागत नाही. ते खाटेवर असतात. आधी त्या वेळेला ते खाली फेरी मारायला जायचे, पण आता गुडघ्यांमुळे जिना दिवसातून दोनदा होत नाही, आणि ती एकच फेरी संध्याकाळच्या औषधांसाठी राखून ठेवावी लागते. कापूस घालून पाहिला. उशी घेऊन पाहिली, तर वहिनीला वाटलं डोकं दुखतंय, तिने गोळी दिली. तीही घेतली, उगाच तिला वाईट नको.

"मागच्या रविवारी तू म्हणालास, यांना अजून किती वर्षं काढायचीत ते कळलं असतं तर काहीतरी ठरवता आलं असतं," ते म्हणाले. "बरोबरच आहे. मला कळलं असतं तर मलाही बरं पडलं असतं."

हे वाक्य मी म्हणालो होतो. शब्दन्‌शब्द. म्हणताना मी खिडकीत उभा राहून दात कोरत होतो, हेही मला त्या क्षणी आठवलं. मला लाज वाटली. नुसती लाज वाटली असती तरी काही बिघडलं नसतं, पण तिच्या पाठोपाठ मला अण्णांचाच राग आला. घरी बोलावून मुस्काटात मारायची होती. दादासमोर शिव्या द्यायच्या होत्या. हे टोकन घेऊन, गिऱ्हाईक बनून येऊन, माझ्याच कार्डावर माझ्याच हाताने लिहून घ्यायचं काय नडलं होतं? आयुष्यभर हे असंच. ओरडायचे नाहीत, फक्त नवव्या दिवशी एक वाक्य बोलायचे, आणि ते माणसाने जन्मभर वागवायचं. मी म्हणालो, मला तसं म्हणायचं नव्हतं. ते म्हणाले, असेल, आता दाखव.

मी दाखवले. तीन काढले, एकापुढे एक मांडले, आणि मला ऐकू येत होतं की मी त्यांच्याशी गिऱ्हाइकाशी बोलतो त्याच चालीत बोलतोय. अण्णांनी एकेक उचलून बिजागरी उघडमीट करून पाहिली. सगळ्यात महागाच्या हेडफोनचा एक स्क्रू सैल आहे म्हणून तो बाजूला सारला, आणि खरंच सैल होता. मधला त्यांना पसंत पडला. मी निदान इथे तरी खरं बोलायचं ठरवलं. म्हणालो, अण्णा, गाणं लावलं नाही तर यातून माणसाचं बोलणं ऐकू येणारच, पंखा बंद होईल, मी बंद होणार नाही. ते म्हणाले, गाणं लावलं तर गाणं ऐकावं लागेल. आणि म्हणाले, तुझी ती चाचणी घे, नातू सांगत होता.

त्यांना पाठ फिरवून बसवलं. हेडफोन घातला, त्यांचे पांढरे केस वाटीखालून बाजूला केले. किती वर्षांनी मी त्यांच्या डोक्याला हात लावला असेन, कोण जाणे. बटण दाबलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि एक बोट हलत होतं. एक ठोका लांब, एक जवळ. भिंतीवरच्या लंगड्या घड्याळाबरोबर त्यांचं बोट पडत होतं.

मी मागे सरायला लागलो तेव्हा ते बोलले. कानावर हेडफोन असला की माणसं जरा मोठ्यानेच बोलतात. टीव्हीच्या काउंटरवरच्या विक्रेत्याने मान वळवून पाहिलं.

"चहाचं नको म्हणू," अण्णा म्हणाले. "रविवारी म्हणतोस तेच म्हण. त्यालाच चालतोय का ते बघायचंय."

एक पाऊल. दोन. तीन. फरशीवर मीच चिकटपट्टीची खूण करून ठेवली आहे, तिच्यावर जाऊन उभा राहिलो. समोर त्यांची पाठ. शर्टाची इस्त्री त्यांनी स्वतः केलेली असणार, कारण खांद्यापाशी दोन घड्या पडल्या होत्या आणि वहिनीच्या हातून तसं होत नाही. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. फोनवर ते किती सहज निघालं होतं. मी तोंड उघडलं, आणि जे बोललो ते मी ठरवलं नव्हतं.

"अण्णा, आपल्या घरी चला. आजच चला."

बोट थांबलं.

किती वेळ थांबलं ते मला सांगता येणार नाही. घड्याळ मला ऐकू येत नाही. टीव्हीवर अठरा बायका एकाच वेळी तोंडाला साबण लावत होत्या, त्यांनी तो धुतला, पुसला, हसल्या. मग बोट पुन्हा हलायला लागलं, आधीसारखंच, एक लांब आणि एक जवळ. अण्णांनी दोन्ही हातांनी हेडफोन उतरवला, वाट्या एकमेकींवर नीट मिटवल्या आणि माझ्याकडे वळले.

"बोललास का काही?" त्यांनी विचारलं. "मला काही ऐकू आलं नाही. चांगला आहे. हाच बांध."

शंभरातले शंभर वळतात. अकरा वर्षांत एकही माणूस असा निघाला नाही की ज्याला तीन पावलांवरून ऐकू आलं नाही, आणि त्यात कमी ऐकू येणारे म्हातारेही होते. अठरा टीव्हींच्या कलकलाटातून या माणसाने घड्याळाचा लंगडा पाय ओळखला होता. त्यांनी ऐकलं होतं हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. मी फक्त तीन पावलं पुढे यायचं होतं आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. दुकानातून निघायला मला कोणी अडवलं नसतं. वाटेत बायकोला फोन केला असता, ती चिडली असती आणि संध्याकाळी तिनेच खाटेची जागा काढली असती, तेवढी ती चांगली आहे.

पण मला काय झालं ते सांगतो. मला हलकं वाटलं. 'आजच' हा शब्द तोंडातून सुटला त्या क्षणापासून माझ्या छातीत धडधड सुरू झाली होती. खाट कुठे, बायको झोपणार कुठे, मुलगी काय म्हणेल, हे म्हातारपण आणखी किती लांबेल. ती धडधड त्यांच्या त्या एका वाक्याने थांबली. अण्णांनी मला वाट करून दिली होती, आणि मी खोकं आणायला वळलो.

कॅशवरच्या बाई बिल करताना थबकल्या. नात्यातल्या माणसांना आमच्याकडे सवलत असते, त्यासाठी एक रकाना भरावा लागतो. त्यांनी आडनाव वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि विचारलं, हे तुमचे कोण? मी तोंड उघडेपर्यंत अण्णा म्हणाले, गिऱ्हाईक. खिशातून मोजून आणलेल्या नोटा काढल्या आणि पूर्ण किमतीला हेडफोन घेतला. मी बसथांब्यापर्यंत येतो म्हणालो, तर म्हणाले काउंटर सोडू नकोस, मालक बोलतील. दाराशी एकदा थांबून त्यांनी त्या घड्याळाकडे पाहिलं, आणि कोणाला तरी सांगून त्यात थेंबभर तेल घालून घे म्हणाले.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मी एका बाईंना चाचणीसाठी स्टुलावर बसवलं आणि "चहा टाकलाय" म्हणताना माझा आवाज फुटला. त्या वळल्या आणि म्हणाल्या, बरं नाही का तुम्हाला? शनिवारी रात्रपाळी करून बायको आली आणि मुलीला दार लावून घ्यायला सांगून झोपली. सांगायला तसा वेळ खूप होता.

रविवारी दहाला फोन वाजला. दादा खुशीत होता.

"अरे, अण्णांनी नवीन खूळ काढलंय," तो म्हणाला. "डोक्याला हेडफोन लावून बसलेत. तुझ्याकडूनच आणला म्हणे."

मी विचारलं, गाणं लावलंय का?

"कसलं गाणं! कशाला जोडलेलासुद्धा नाही. त्याचा दिवापण लागलेला दिसत नाही. नुसता घालून बसलेत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून."

मागून, लांबून, वहिनीचं हसणं ऐकू आलं. म्हणजे फोन टेबलावर होता. टेबलापलीकडे कंबरेएवढं कपाट आणि कपाटापलीकडे खाट. मी मनातल्या मनात मोजलं. तीन पावलं, फार तर.

"आता बोल बिनधास्त," दादा म्हणाला. "त्यांना काही ऐकू येत नाही. सांग, कधी नेतोस?"

मी खिडकीत उभा होतो. आतल्या खोलीत बायको झोपली होती. मुलगी पाय पसरून जमिनीवर बसली होती आणि पुटपुटत धडा पाठ करत होती. तिकडे कोणीतरी कपबशी ठेवली. चार शब्द होते, आणि ते मी मंगळवारी एकदा म्हटलेलेही होते. या वेळी ऐकू आलं नाही म्हणून अण्णा मला वाट करून देऊ शकत नव्हते, कारण फोनवर दादा ऐकत होता.

"बघू," मी म्हणालो. "हिची परीक्षा होऊन जाऊ दे."